दोन्या एर्लिंदांकडे अडकलेल्या ताटल्या

दोन्या एर्लिंदांचं डोकं कामातून चाललं आहे, हे आमच्या वस्तीला पहिल्यांदा ताटल्यांवरून कळलं.

शेजारून आलेली ताटली आमच्याकडे रिकामी परत जात नाही. गरम तोर्तिया, म्हणजे आमच्या पोळ्या, नसल्या तर अंगणातली लिंबं, लिंबं नसली तर अक्रोडासारखे मूठभर पेकान, तेही नसलं तर कागदाच्या पुडीत थोडी साखर. टेक्ससमधल्या मॅकॅलनच्या पूर्वेला कालव्याकाठी आमची घरं आहेत, आणि या घरांतल्या बायका ताटली परत करायच्या वेळी कपाटापुढे विचार करत उभ्या राहिलेल्या मी लहानपणापासून बघत आलेय. कोणाची ताटली कोणाकडे आहे हे कोणी विचारत नाही. विचारावं लागत नाही, आज ना उद्या ती येतेच.

त्या वर्षी नाताळानंतर दोन्या एर्लिंदांच्या घरात गेलेल्या ताटल्या बाहेर येईनात.

"तुझ्या आईचं भांडं आलं का गं परत?" समोरच्या ट्रिनी, त्याही वयाने मोठ्या म्हणून मानाने दोन्याच, मला कुंपणावरून विचारायच्या.

"नाही अजून."

"माझी निळ्या काठाचीही नाही. माझ्या लग्नातली आहे ती. नवरा गेला तेव्हा एवढा जीव तुटला नव्हता माझा."

ट्रिनी आणि एर्लिंदा एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. एर्लिंदांच्या मुलाला, एफ्राइनला, बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममाता म्हणून ट्रिनींनी हातात धरलं होतं, तेव्हापासूनचं ते नातं. ते बहिणीपेक्षा जवळचं असतं आणि त्यात भांडायची मुभाही जास्त असते. म्हणून ताटलीची तक्रार करताना ट्रिनींच्या आवाजात थट्टा असायची. पण फेब्रुवारी सरता सरता थट्टा कमी झाली.

कारण एर्लिंदा खरंच विसरत होत्या. शनिवारच्या बाजारात त्या एकदा जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी उभ्या राहिल्या, आणि घर कोणत्या दिशेला हे त्यांना सुचेना. बोलता बोलता शब्द हरवायचा आणि त्या हवेत बोटं हलवत राहायच्या. चर्चमध्ये स्वेटर उलटा घालून आल्या. ज्या बाईने तरुणपणी कांद्याच्या शेतात कात्री चालवताना मजुरांच्या अख्ख्या टोळीला गोष्टी सांगून हसवलं, ती आता गोष्टीच्या अर्ध्यात थांबून विचारायची, "मी काय सांगत होते?"

कोणी जेवायला बोलावलं तर मात्र त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. फाटकातूनच म्हणायच्या, "जेवलेय मी. आता घास घेतला तर पोट फुटेल." आणि मग काय जेवल्या ते सांगायच्या. गोमांसाचा रस्सा, त्यात कोबी आणि मक्याचं कणीस, वर लिंबू. ऐकताना आपल्याच तोंडाला पाणी सुटायचं.

"रस्सा म्हणे," ट्रिनी एकदा मला म्हणाल्या. "त्यांच्या चुलीचा वास माझ्या खिडकीत येतो, यादिरा. महिना झाला, वास नाही. माझी कोमाद्रे जेवणाची स्वप्नं बघते आणि ती खरी मानते." त्यांनी डोळे पुसले आणि ह्यूस्टनला फोन लावला.

एफ्राइन ह्यूस्टनमध्ये घरांची छपरं घालतो. फोनवर म्हणाला, ईस्टरला येतो आणि आईला घेऊन जातो. घराचं नंतर बघू.

घराचं नंतर बघू, हे ऐकून एर्लिंदा आठवडाभर कोणाशी बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मीही बोलले नसते. ते घर त्यांनी आणि नवऱ्याने, निकानोरने, स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. आधी एकच खोली, पाण्याशिवाय. मग उन्हाळ्यात मिशिगनला चेरी तोडायला जायचं, परत आल्यावर जमलं तर एक भिंत, पीक बुडालं तर नुसती खिडकी. म्हणून त्या घराच्या प्रत्येक खोलीचा रंग वेगळा आहे आणि एकही जमीन दुसरीच्या पातळीत नाही. स्वयंपाकघरातून मोरीत जाताना नवखा माणूस ठेचकाळतो. एर्लिंदा अंधारातही ठेचकाळत नाहीत.

"ह्यूस्टनला मी कुठे जाऊ?" त्या मला म्हणाल्या होत्या. "तिसऱ्या मजल्यावर राहतात ते. मी काय कबूतर आहे?"

न्यायच्या आधी डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यावं असं एफ्राइनला वाटलं, आणि तो ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सुरुवातीलाच आला. मी मॅकॅलनच्या एका दवाखान्यात चुंबकीय तपासणीचं, एमआरआयचं, यंत्र चालवते. वेळ मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

आधी डॉक्टरबाईंनी स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, आमच्याच स्पॅनिशमध्ये, घाई न करता. काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं. एर्लिंदांनी घड्याळाचे सगळे आकडे एका बाजूला कोंबले. शब्दांतला एकही त्यांना परत सांगता आला नाही.

"आज सकाळी काय खाल्लंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वाळवलेल्या मांसात परतलेली अंडी. घेवडा. गव्हाच्या तोर्तिया, तव्यावरून थेट. दुधाची कॉफी."

एफ्राइन माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "यादिरा, सकाळी मी फ्रिज उघडला होता. पाण्याची बाटली होती आणि मिरचीची बरणी. बस." मग त्याने डॉक्टरबाईंनाही तेच सांगितलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली. न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगणं, हे त्या आजाराचंही एक लक्षण असतं.

नंतर एर्लिंदा माझ्या यंत्रात झोपल्या. माणसाच्या मेंदूचं चित्र पडद्यावर येताना मी रोज बघते आणि तरी अजून मला त्याची सवय झालेली नाही. काळ्यावर राखाडी, एकावर एक थर. त्यांचा मेंदू मला वयाच्या मानाने बरा वाटला. अर्थात चित्र वाचायचं काम माझं नाही, आणि चित्रात आकार दिसतो, त्या क्षणी तिथे काय चाललंय ते दिसत नाही. मी पडद्याकडे बघत होते आणि तेवढ्यात आत एर्लिंदा कोणा भलत्याच माणसाशी बोलायला लागल्या.

आम्ही त्यांना बाहेर काढलं. कपाळ घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, आणि नजर माझ्यावरून अशी गेली की मी भिंत आहे. "टोळी निघाली का? माझी कात्री कुठाय?" त्या विचारत होत्या. परिचारिकेने बोट टोचून रक्तातली साखर बघितली आणि ती फळांचा रस आणायला धावली. साखर तळाला गेली होती.

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. अर्धा पेला रस गेला आणि घाम थांबला. आणखी थोडा गेला आणि त्यांनी स्वतःच्या अंगावरचा दवाखान्याचा झगा ओळखला, लाजून पुढे ओढला. बिस्किटं दिली. त्या चावत होत्या आणि चेहऱ्यावर एकेक गोष्ट परत येत होती. पडद्यावर चित्र येतं तसंच, आधी ढोबळ, मग रेषा, मग बारकावे. आणि अचानक माझ्यासमोर आमच्या शेजारच्या दोन्या एर्लिंदा बसलेल्या होत्या.

"यादिरा," त्या म्हणाल्या, "तुझ्या या पाइपात फार गारठा आहे. त्यापेक्षा माझा जुना फ्रिज बरा होता, त्यात निदान दिवा तरी होता."

मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरबाई आल्या. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टाळलं की असं होतं, त्या म्हणाल्या. वारंवार झालं तर आठवणीवर कायमचाही परिणाम होतो. "जेवणं चुकतात का तुमची, सेन्योरा?"

"माझी? कधीच नाही."

"ती सामान आणायला विसरते, जेवायला विसरते," एफ्राइन म्हणाला. "विसरते, आणि मग जेवले म्हणून सांगते. एकटी राहिली तर एक दिवस मरेल ती."

सगळं जुळत होतं. एर्लिंदा बिस्किटाच्या कागदाची घडी घालत बसल्या. रविवारी, ईस्टरच्या जेवणानंतर, निघायचं ठरलं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे घरोघरी कापिरोतादा होतो. शिळा पाव तळून गुळाच्या पाकात मुरवायचा, दालचिनी, बेदाणे, वर चीज. तो घरात खाण्यापेक्षा वाटण्यासाठीच जास्त करतात. आईने एर्लिंदांसाठी ताटली भरली आणि मी ती घेऊन गेले. एफ्राइन दोर आणि खोकी आणायला गावात गेला होता. आल्यापासून तो रात्रीचं जेवण बाहेरून बांधून आणायचा, त्यामुळे कपाट उघडायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती.

"जेवलेय मी," फाटकातून आवाज आला.

या वेळी मी परत फिरले नाही. सरळ आत गेले, ताटली ओट्यावर ठेवली, आणि झाकायला काहीतरी हवं म्हणून भिंतीतलं कपाट उघडलं. आत पीठ नव्हतं, तांदूळ नव्हते, घेवड्याचा दाणा नव्हता. ताटल्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, प्रत्येकीवर स्वच्छ फडकं. वर ट्रिनींची निळ्या काठाची.

"दोन्या," मी म्हणाले, "अहो, या द्यायला विसरलात तुम्ही."

त्या ताड्कन वळल्या. "विसरले? ही ट्रिनीची, तिळाच्या वड्या आल्या होत्या तीत. ही तुझ्या आईची, हिच्या बुडाला ओरखडा आहे, तो तूच पाडलास चमच्याने, शेंबडी होतीस तेव्हा. विसरले म्हणे!"

"मग परत का नाही केल्या?"

"काय घालून करू?"

एवढं बोलून त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटतं, हे वाक्य तोंडातून गेलं याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं असावं. मी कपाटापाशी उभी होते आणि डोक्यात सगळ्या गोष्टी जागा बदलत होत्या. ताटल्या परत करता येत नव्हत्या म्हणून त्यांनी नवी ताटली घेणं बंद केलं होतं. ताटली नाकारायला कारण हवं म्हणून त्या रोज 'जेवलेल्या' असायच्या. आणि जेवलेलं खरं वाटावं म्हणून रश्श्यात कोबी आणि कणीस होतं.

"पेन्शन?"

"विजेला जाते. औषधाला जाते. नाताळात पंप जळाला."

"मग अन्नाचं सरकारी कार्ड का नाही काढलंत? ट्रिनींकडे आहे, अर्ध्या वस्तीकडे आहे."

"सुनेचे इथे राहायच्या परवान्याचे कागद आत गेलेत," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी सरकारचं खाल्लं आणि तिचे कागद अडले तर? नातवंडांची आई आहे ती."

"त्याचा तिच्या कागदांशी संबंध नसतो, दोन्या."

"तुला कायदा कोणी शिकवला? त्या चुंबकाने?"

मी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. "रविवारी एफ्राइन तुम्हाला घेऊन जाणार. तुम्ही विसरता म्हणून. तुम्ही एकदा खरं सांगितलंत तर—"

"ऐक, पोरी." त्यांनी हात सोडवून घेतला. "खुळी म्हातारी प्रत्येक घरात असते. लोक हसतात, दया करतात, तिच्या पोराला चांगला म्हणतात. उपाशी म्हातारी कोणाच्या घरात असते? उद्या लोक एफ्राइनला काय म्हणतील? तो छपरावर उन्हात भाजतो. मी खुळीच बरी. आणि तू कुठे बोललीस, तर मी सांगेन यादिराला भास होतात."

मी आजवर शिकलेलं सगळं त्या क्षणी लहान वाटलं. या बाईची आठवण भुकेने झिजत होती, ते खरंच होतं. पण तिच्या उरलेल्या भानाचा कण न् कण एकाच कामाला लागला होता: ती भूक कोणाला दिसू नये. जे घर उभं करायला तिचं आयुष्य गेलं, ते सोडायला ती तयार होती. मुलाच्या नावाला डाग लागू द्यायला नव्हती.

मी ताटली घेऊन घरी गेले आणि तोच कापिरोतादा बाजारात मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या डब्यात भरून आणला. "हा डबा परत करायचा नसतो," मी म्हणाले. "खाऊन फेकून द्यायचा."

त्यांनी डब्याकडे संशयाने बघितलं, बुडाला हात लावून बघितला. मग चमचा घेतला. हळूहळू खाल्लं, मध्ये एकदा डोळे मिटून थांबल्या. झाल्यावर डबा नळाखाली धुतला आणि उन्हात पालथा घातला.

"फेकायचा असतो तो," मी म्हणाले.

"श्रीमंत झालीस तू फार," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी एफ्राइनने पलंगाचे स्क्रू काढायला घेतले. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. अंगणात वस्तीतली पोरं ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या डोक्यावर रंगीत कागद भरलेली अंडी फोडत होती. एर्लिंदा मोरीच्या पायरीपाशी, दोन खोल्यांच्या जमिनी जिथे जुळत नाहीत तिथे, खुर्ची टाकून बसल्या होत्या. एफ्राइन त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "आई, ह्यूस्टनला तुझी वेगळी खोली आहे, बरं का. वे-ग-ळी. कळलं?"

"मला ऐकू येतं," एर्लिंदा म्हणाल्या.

मी मोरीतली औषधं गोळा करत होते. तेवढ्यात ट्रिनी आल्या. निरोपाला आल्या होत्या, पण रडू नये म्हणून नेहमीसारख्या तोऱ्यात आल्या. "चाललीस का, कोमाद्रे? जायच्या आधी माझी ताटली दे. नाहीतर विसरून ह्यूस्टनला नेशील, आणि मी ती मागायला कुठे येऊ? मला लिफ्टची भीती वाटते."

एफ्राइन हसला. "मी शोधतो, मावशी. तिला नाही आठवायची."

एर्लिंदा उठल्या. कपाटाकडे गेल्या, निळ्या काठाची ताटली काढली, वरचं फडकं बाजूला केलं. मला वाटलं त्या आतमध्ये काहीतरी शोधतायत. नव्हत्या शोधत. ताटली दोन्ही हातांनी धरून त्या ट्रिनींसमोर आल्या आणि पुढे केली.

ट्रिनींनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. ताटलीवर काही नव्हतं. ना लिंबू, ना पेकान, ना साखरेची पुडी. पांढरी, कोरी, धुतलेली ताटली. असं भांडं आमच्या वस्तीत एका बाईने दुसरीच्या हातात दिलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांच्यातल्याही कोणी बघितलं नसावं.

"मी विसरले नव्हते," एर्लिंदा म्हणाल्या. "घरात काही नव्हतं. नाताळापासून नाही. रस्सा नव्हता, अंडी नव्हती, काही नव्हतं. बाकीचं विसरते मी, ते खरंय. हे नाही विसरले."

एफ्राइनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठून बाहेर गेला आणि पिकअपमध्ये जाऊन बसला, काचा वर करून.

ट्रिनींनी ताटली घेतली, छातीशी धरली. मला वाटलं त्या रडतील. त्या ओरडल्या. "नाताळापासून? आणि मी कुंपणापलीकडे जाडी होत बसले? कोमाद्रे कशाला केलंस मला, शोभेला? तुझ्या रश्श्याचं वर्णन ऐकून मी दोनदा मांस विकत आणलं, हे माहितेय तुला?"

"कोबी घातलास का?"

"घातला."

"मग चांगला झाला असेल," एर्लिंदा म्हणाल्या, आणि त्या दोघी अशा हसायला लागल्या की अंगणातली पोरं खिडकीत गोळा झाली.

एफ्राइन बऱ्याच वेळाने आत आला. डोळे लाल होते. त्याने बायकोच्या कागदांचं ऐकलं, कार्डाचं ऐकलं, आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसून एवढंच म्हणाला, "तू मला सांगायचंस."

"सांगितलं की आता."

"मग काय करू मी? सांग."

"पलंग जोडून दे," एर्लिंदा म्हणाल्या. "मला दुपारी आडवं व्हायचंय."

त्याने पलंग जोडून दिला. सोमवारी तो एकटा ह्यूस्टनला गेला. त्या आठवड्यात कायदा मदत केंद्रातल्या बाईंनी, एर्लिंदांच्या कार्डामुळे सुनेचं काही अडणार नाही, असं त्यांना दोनदा समजावलं. कार्ड आलं. डॉक्टरबाईंनी गोळी बदलली. दुपारचं जेवण ट्रिनींकडे ठरलं, आणि त्याच्या बदल्यात एर्लिंदा ट्रिनींच्या तोर्तिया लाटतात, कारण ट्रिनींच्या तोर्तिया सगळ्या बाजूंनी टेक्ससच्या नकाशासारख्या होतात.

सप्टेंबरात परत परीक्षा झाली. घड्याळाचे आकडे सगळीकडे नीट बसले. शब्द बरेचसे आले, सगळे नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुधारणा मोठी आहे, पण थोडं गेलंय ते गेलंय, आणि त्यातलं वयाने किती नि उपासाने किती हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या कागद बघत होत्या आणि मी एर्लिंदांकडे बघत होते. थोड्या अन्नाने इतकं परत येतं, हे मला अजूनही खरं वाटत नाही. आणि इतकी वर्षं, कांद्याच्या शेतातल्या किती बायकांचं किती असंच गेलं असेल आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हटलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

एफ्राइन आता महिन्यातून एकदा येतो. मागच्या खेपेला त्याने सिमेंट आणलं, तेव्हा मीही तिथे होते. मोरीच्या पायरीला उतार करून द्यायचा होता, आई पडू नये म्हणून.

"नको," एर्लिंदा म्हणाल्या. "मी नाही पडत तिथे."

"आज नाही पडत. पुढे?"

एर्लिंदा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या आणि ही खोली बांधली त्या वर्षी मिशिगनला चेरीवर गारा कशा पडल्या, निकानोर ट्रकखाली कसा घुसला आणि बाहेर निघाला तेव्हा त्याच्या टोपीत चेरी कशा भरलेल्या होत्या, ते सांगायला लागल्या. गोष्ट संपली. एफ्राइन हसला. त्याने थापी उचलली, उतारावर फिरवली.

जरा वेळाने त्या म्हणाल्या, "ही खोली बांधली ना, त्या वर्षी मिशिगनला..."

एफ्राइनने माझ्याकडे बघितलं. मग थापी बादलीत ठेवली आणि आईकडे तोंड करून बसला.

"काय झालं मिशिगनला?" त्याने विचारलं.

सिमेंट वाळत होतं. त्याची फिकीर न करता त्याने सगळं ऐकलं, आणि टोपीपाशी पुन्हा हसला.